लाल पट्टा

काकीच्या किटलीचं झाकण नीट बसत नाही. जुन्या लुगड्याची चिंधी मधे घालून ती ते दाबून बसवते, तरी डेरीपर्यंत जाईस्तोवर चार थेंब माझ्या चपलेवर पडतातच. गेल्या महिन्यात, मृगाचा पाऊस नुकताच लागला होता त्या दिवसांत, तिचा गुडघा धरला आणि तिनं परड्याच्या भिंतीवरून हाक मारली, “पोरी, तेवढी किटली न्हेतीस काय गं?” मी नेली. डेरीसमोर सात-आठ जण उभे होते. ओल्या पोत्यांचा, शेणाचा आणि कुणाच्या तरी चुलीवरच्या चहाचा वास. माझी पाळी आली. फडक्यातून दूध ओतलं, पोरानं लहान बाटलीत नमुना घेतला, मशीन गुरगुरलं आणि लाल आकडे उमटले. फॅट 6.8. “काकीच्या म्हशीला काय बदाम चारतायसा व्हय?” सेक्रेटरी म्हणाले. मागचे दोघं हसले. मीही हसले. चिठ्ठी घेऊन घरी आले.

आदल्या दिवशी सकाळी त्याच म्हशीला दगडी झाली, कास सुजली म्हणून डॉक्टरनं सडात ट्यूब सोडली होती आणि मानेत इंजेक्शन दिलं होतं. तेव्हा तिची शेपटी मीच धरली होती.

डॉक्टर जाताना गाडीला किक मारता मारता म्हणाला होता, “चार दिवस दूध घालू नका.” अशा आवाजात की सांगितल्याचं कर्तव्य व्हावं आणि कुणावर ओझंही पडू नये. काकीनं मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी किटली माझ्या हातात देताना माझा चेहरा बघून ती आपणहून म्हणाली, “त्या सडाचं न्हाई घातलं गं. ते येगळं काढून आंब्याच्या बुडात ओतलं. तीन सडांचं ब्येस हाय.” इंजेक्शनचं औषध रक्तातून चारी सडांत उतरतं हे मला शिकवलेलं आहे. काकीला ते अजिबात कळत नाही असंही मला वाटत नाही. पण चार दिवसांचं वीस-बावीस लिटर दूध आंब्याच्या बुडात ओतायचं म्हणजे काय, ते मला जेवढं कळतं त्यापेक्षा तिला जास्त कळतं. डॉक्टरचे आणि ट्यूबचे पैसे आधीच गेले होते. एकुलती एक म्हैस. पोरगा कागलच्या एमआयडीसीत, त्याचं त्यालाच पुरत नाही.

आता जे मला टोचतंय ते काकीचं वागणं नाही, माझं आहे. कारण हा धडा मी पुस्तकातून शिकलेले नाही. त्यासाठी मी डेन्मार्कला जाऊन एका माणसाचं नऊ हजार लिटर दूध वाया घालवून आले आहे.

धारवाडला कृषी विद्यापीठात शिकत असताना ही प्रशिक्षणाची संधी आली. वर्षभर एका दुग्धशेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्या गोठ्यात काम करायचं आणि तिकडची सहकारी पद्धत बघायची. गावात बातमी पसरली तेव्हा आप्पांना पारावर विचारणा झाली, “शेणच काढायचं हुतं तर आमच्या गोठ्यात लावली असती की! पासपोर्ट कशाला?” आप्पा काही बोलले नाहीत, पण घरी येऊन मला म्हणाले, “जा. खरं, जनावराजवळ घड्याळ घालून जाऊ नगंस.” हा सल्ला त्यांनी का दिला हे मला अजून कळलेलं नाही. पण तिकडे मी घड्याळ खोलीतच ठेवून गोठ्यात जायची.

डेन्मार्कमधल्या जटलंडच्या पश्चिमेकडचा तो मुलूख सपाट आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या आमच्या रानासारखा नाही. तिथे नजर अडकायला काहीच नाही, नुसता वारा. डिसेंबरात सूर्य नऊच्या आसपास उगवायचा आणि चारच्या आत गायब व्हायचा, म्हणजे दोन्ही वेळच्या धारा अंधारातच. गोठा मात्र दिव्यांनी लखलखलेला. दोनशेच्या वर गायी, बहुतेक काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन, आमच्याकडे जिला सरसकट एचेफ म्हणतात ती. मूरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, वास पहिल्या दिवशी नाकात शिरला तो थेट आंबिलीसारखा, आणि त्या परक्या अंधारात मला एकदम भूक लागली. धार काढायच्या खोलीत गायी दोन्ही बाजूंना तिरक्या उभ्या राहायच्या आणि आपण मधल्या खड्ड्यात, म्हणजे कास बरोबर छातीच्या उंचीला. आज्जी उभा जन्म उकिडवी बसून धार काढत आली. तिच्या गुडघ्यांची त्या खड्ड्यात मला रोज आठवण यायची. मशीनची टक-टक, टक-टक, कोपऱ्यातला रेडिओ, आयोडिनचा वास. एका गायीला मिनिटं सात-आठ. पान्हा सोडायला वासरू लागत नाही. वासरू आदल्याच दिवशी वेगळं काढून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घुमटीत ठेवलेलं असायचं. त्या घुमट्यांच्या रांगेवरून दुधाची बादली घेऊन जाताना पहिले दोन आठवडे मी मान खाली घालून चालले. मग सवय झाली. सवय होते याचंच वाईट वाटलं. पण आमच्याकडे तरी काय मोठं पुण्य आहे? रेडकू मेलं तेव्हा आज्जीनं त्याच्या कातड्यात भुसा भरून भोत केलं होतं आणि म्हैस ते चाटत चाटत पान्हा सोडायची. लहानपणी मला त्या भोताची भीती वाटायची. आज वाटतं, फसवणूक दोन्हीकडे आहे, फक्त आमच्याकडे तिला चेहरा होता.

मालकाला नावानं हाक मारायची, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. माझी जीभ वळेना. तोंडानं मी “हॅलो” वर भागवायची आणि मनात त्याला आबा म्हणायची. आबा फारसा बोलायचा नाही. कॉफी काळी प्यायचा, म्हणजे दोनशे गायींचा धनी आणि कॉफीत दुधाचा थेंब नाही! मी चहात अर्धा कप दूध घालायची ते तो चिकित्सकपणे बघायचा. तुमच्याकडे एका शेतकऱ्याकडे किती जनावरं, असं त्यानं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्याला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

एका रविवारी त्याच्या बायकोनं मला येडिंगला नेलं. लिहितात Hjedding, पण डॅनिशमध्ये j च्या आधीचा ‘ह’ गिळून टाकतात, त्यामुळे ऐकताना येडिंगच. हे मी फोनवर घरी सांगितलं तर धाकटा भाऊ पाच मिनिटं हसत होता, “येड्यांचं गाव गं!” तर त्या येड्यांच्या गावात 1882 साली डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी निघाली. आता तिथे लहानसं संग्रहालय आहे. अमेरिकेतून आणि रशियातून स्वस्त धान्य यायला लागलं, इथल्या शेतकऱ्याचा गहू कुणी विचारेना, तेव्हा हे लोक लोण्याकडे वळले. 1878 मध्ये डी लावाल या स्वीडिश माणसाच्या मलई काढायच्या यंत्राचं पेटंट झालं होतं. यंत्र महाग, एकट्याला न झेपणारं. म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलं. प्रत्येकानं घरापुरतं ठेवून बाकी सगळं दूध डेअरीलाच घालायचं, आणि कर्जाला सगळे मिळून जबाबदार. मतदानाबाबत तिकडे एक म्हण आहे. ‘होवेडर’ म्हणजे डोकी आणि ‘ह्योवेडर’ म्हणजे गुरं, उच्चारात जरासाच फरक. मतं डोक्यांवर मोजायची, गुरांवर नाही. साठ गायींवाल्याला एक मत, आठशेवाल्यालाही एकच. आबाबरोबर अशा एका सभेला गेले होते. कॉफी, केक आणि तीन तास कंटाळवाणी चर्चा. मला एक अक्षर कळलं नाही, पण एक म्हातारा उठून कागद हलवत बराच वेळ भांडला आणि कुणी त्याला खाली बस म्हणालं नाही, एवढं कळलं. आमच्या संस्थेची जनरल सभा मला आठवली. विषय वाचायचा, “मंजूर?” “मंजूर!” आणि चहा यायच्या आत सभा संपलेली.

येडिंगहून परतताना मला गाडीत कणगिनहाळ आठवत होतं. गदगजवळचं खेडं, आमची कॉलेजची सहल तिथं गेली होती. 1905 साली सिद्दनगौडा पाटलांनी तिथं देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक काढली. तेव्हा ते मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे मराठी आणि कानडी मुलखात कुठली रेघ नव्हती. सहलीत आम्ही पुतळ्यासमोर फोटो काढले आणि मिरची भजी खाल्ली. त्या गावाला समजून घ्यायला मला येडिंगपर्यंत जावं लागलं, याची लाज वाटावी की नाही हे ठरवता येत नाही.

रेघेवरून आठवलं. सीमाभागातलं माणूस कुठेही गेलं की पहिल्यांदा सीमा शोधतं, ही आपली खोड. आबाच्या गोठ्यापासून दक्षिणेला दीड-दोन तासांवर जर्मनीची हद्द. 1864 च्या युद्धात डेन्मार्कनं श्लेस्विग आणि होल्स्टीन हे दोन्ही प्रांत गमावले. मग पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये श्लेस्विगच्या लोकांना विचारलं, कुठे जायचं? उत्तरेकडचे डेन्मार्कमध्ये आले, दक्षिणेकडचे जर्मनीतच राहिले. आजही हद्दीच्या अलीकडे जर्मन शाळा आहेत, पलीकडे डॅनिश. हे आबाची बायको मला सहज सांगत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. लोकांना विचारलं, हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली! मला तिला 1 नोव्हेंबरबद्दल, कर्नाटकाच्या स्थापनादिनाबद्दल, सांगावंसं वाटलं, की त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यावर मिरवणूक असते आणि दुसऱ्यावर काळा दिवस. सांगितलं नाही. कुठून सुरुवात करायची? मग लक्षात आलं, ज्या होल्स्टीनवरून एवढं झालं त्याच मुलखाचं नाव घेऊन ती काळी-पांढरी गाय आमच्या दावणीला उभी आहे, आणि तिला कानडीतून हाकललं काय आणि मराठीतून, शेपटीचा फटका तेवढाच बसतो.

नऊ हजार लिटरची गोष्ट फेब्रुवारीतली.

औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधायचा. लाल पट्टा दिसला की तिचं दूध मुख्य नळीला जोडायचं नाही, वेगळ्या बादलीत काढायचं. हा तिथला सर्वांत मोठा नियम. त्या पहाटे पाच वाजता मी एकटी होते. बाहेर गारठा इतका की बुटात बोटं लागत नव्हती. गायीच्या पायावर शेण सुकून बसलं होतं. मशीन लावलं, ती दूध देऊन मोकळी झाली, मी सड पुसायला हात वर नेला आणि बोटांनी शेणाचा पापुद्रा निघाला. खाली लाल. टाकीत दीड दिवसाचं दूध होतं. मी तशीच उभी राहिले. रेडिओवर कुणीतरी गात होतं. मला जे वाटलं ते लिहिते. दोनशे गायींत एका गायीचं दूध, कुणाला कळणार आहे? हे मला वाटलं. एकदा नाही, त्या खड्ड्यातून पायऱ्या चढून घरापर्यंत जाईपर्यंत प्रत्येक पावलाला वाटलं. मी सांगितलं ते फार प्रामाणिक आहे म्हणून नाही. टँकरवाला दूध घ्यायच्या आधी नमुना घेतो, पुढे तो तपासतात, आणि चिठ्ठीवर नाव आबाचं येणार, हे मला माहीत होतं म्हणून. आणि आमचं टाकीभर दूध टँकरमध्ये गेलं असतं तर आणखी चार गोठ्यांचंही त्यात बुडालं असतं. एकदा मिसळलेलं दूध कुणाचं कुणी वेगळं काढायचं?

आबानं कप टेबलावर आपटला. एक डॅनिश शब्द उच्चारला, त्याचा अर्थ मी नंतरही कुणाला विचारला नाही. पण शिवी देता देताच त्याचा दुसरा हात फोनकडे गेला होता. टँकर यायच्या आत त्यानं स्वतः डेअरीला कळवलं. नमुना तपासला, औषध निघालं. मग टाकीखालचा नळ उघडला आणि दूध शेणपाण्याच्या टाकीत जायला लागलं. पांढरी धार, काळ्या शेणात. बराच वेळ चाललं होतं. आमच्या गावच्या डेरीला दोन्ही वेळचं मिळून हजारभर लिटर जमतं. म्हणजे सगळ्या गावाचं नऊ दिवसांचं दूध माझ्यासमोर शेणात गेलं. आज्जीकडे उतू गेलेल्या दुधाचे थेंब ओट्यावर पडले तर ती त्यात बोट बुडवून डोळ्यांना लावायची, मग पुसायची. मी तिथं नकळत बोट पुढं केलं आणि मग औषध आठवून मागे घेतलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळे पट्टे धुवायला माझ्या पुढ्यात आणून टाकले. तीसेक होते. गरम पाण्यात ब्रशनं घासताना माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता दिसतील. बस, एवढंच.

एप्रिलमध्ये जवळच्या एका सेंद्रिय गोठ्यावर गायी हिवाळ्यानंतर पहिल्यांदा कुरणात सोडल्या, ते बघायला आम्ही गेलो. तो तिकडे सणच असतो, लोक पोराबाळांना घेऊन येतात. दार उघडल्यावर त्या धिप्पाड गायी खरोखर नाचतात, मागचे पाय झाडत, कास हिंदकळवत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला आमचा बेंदूर आठवला. आमच्याकडे तो दोनदा असतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, त्यालाच कारहुणवी म्हणतात, आणि मग आषाढात महाराष्ट्री. दोन सरकारांच्या भांडणात आमच्या बैलांना तेवढी एक पुरणपोळी जास्त मिळाली.

मे महिन्यात परत आले. निघताना आबानं काय द्यावं? एक नवाकोरा लाल पट्टा. स्वतःच्या विनोदावर तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. घरी आल्यावर मी तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवला आणि आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. स्वच्छ कास, चार अंशाला थंड केलेलं दूध, युरोपात मिलिलिटरमागे चार लाखांच्या वर पेशी गेल्या तर दूध नापास, म्हणजे सडाची सूज डोळ्यांना दिसायच्या आत कागदावर दिसते. आप्पांनी ऐकून घेतलं. आज्जी म्हणाली, “तिथं म्हशी न्हाईत म्हणं? मग दूध कशाचं काढत्यात?”

आणि मग महिनाभरात ती किटली.

रांगेत उभी असताना मला सगळं आठवत होतं, विसरले होते असं म्हणायची सोय नाही. सेक्रेटरींना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण रांगेत काही बाजूला असं नसतं. माझ्या तोंडून शब्द निघाला असता की संध्याकाळपर्यंत ‘काकीचं दूध खराब’ हे गावभर झालं असतं, आणि औषधाचे चार दिवस संपले तरी ते संपलं नसतं. घरी येऊन काकीला सांगून चार दिवसांचे पैसे मी माझ्या खिशातून देऊ शकले असते. हे मला रात्री सुचलं. आबाकडे फोन उचलायची हिंमत होती, खरं आहे. त्याच्याकडे वर्षाच्या उरलेल्या सगळ्या दिवसांचं दूधही होतं. पण ही तुलना मी जेवढी ताणते तेवढी ती मलाच सोयीची व्हायला लागते, म्हणून सोडून देते. त्या सकाळच्या कॅनमध्ये आमच्याही म्हशीचं दूध होतं, आणि ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरी डेरीवरूनच अर्धा लिटर जातं.

त्या चिठ्ठीबद्दल सांगायचं राहिलं. चिठ्ठी कानडीत छापून येते. काकीला कानडी वाचता येत नाही, मराठीही जेमतेम. आकडे तेवढे कळतात. पण वरच्या ओळीवर ती दर वेळी बोट ठेवते. तिथे काकांचं नाव आहे. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, सभासद अजून तेच आहेत. म्हैस तिची, वैरण तिची, धार तिची, भल्या पहाटे शेणात हात तिचे, आणि सरकारचं लिटरमागचं अनुदान पोराच्या खात्यावर. मतदानाचं डोकंही काकांचंच. मी तिला म्हटलं, आपण तुझ्या नावावर करून घेऊ, अर्ज मी लिहिते, कानडीतच लिहिते. ती म्हणाली, “राहू दे गं. दोन येळा त्यांचं नाव घरात येतंय.”

परवा महाराष्ट्री बेंदूर झाला. काकीकडे बैल नाही, पण ती म्हशीची शिंगं हुरमुंजानं रंगवते, रेडकाला घुंगरू बांधते. संध्याकाळी पोळी द्यायला म्हणून तिच्या परड्यात गेले तर रेडकाच्या गळ्यात लाल काहीतरी चमकलं. माझा पट्टा. खुंटीवरून धाकट्यानं काढून दिला म्हणे. तिनं त्याला मधोमध कवडी शिवली होती, आणि रेडकू मान हलवून ती चाटायला बघत होतं.

“लई झ्याक दिसतंय बघ,” काकी म्हणाली. “म्हशीला बी एक पायजे हुता. आनि आनलाईस काय?”

नाही म्हटलं.

“बरं. उद्या सकाळी किटली न्हेशील न्हवं? गुडघा अजून ऱ्हायला न्हाई.”

“न्हेते की,” म्हणाले, आणि झाकणाची चिंधी कुठे आहे ते बघायला लागले.